आधी खालचा पत्रा, मग वरचे पडदे

गाडीत राहायचं ठरवलेली माणसं बहुतेक वेळा पलंगापासून सुरुवात करतात. कागदावर आराखडा निघतो. इथे झोपायचं, इथे शेगडी, इथे पाण्याचा जार, मागच्या दाराला मच्छरदाणी. मग त्या आराखड्यात बसेल अशी गाडी शोधली जाते. माझा आग्रह बरोबर उलटा आहे. पलंग कोणताही सुतार आठवड्याभरात करून देईल. खालची गाडी मात्र जशी घ्याल तशी पदरात पडते आणि तिची दुखणी तिच्यासोबत येतात. घरी राहणाऱ्याची गाडी बंद पडली तर तो रिक्षाने घरी जातो. गाडीत राहणाऱ्याचं वाहन, घर आणि स्वयंपाकघर एकदमच गॅरेजच्या दारात उभं राहतं. त्या रात्री झोपायचं कुठे, इथपासून त्याचे प्रश्न सुरू होतात.

म्हणून पैशांची वाटणीही मी आधी करून टाकायला सांगतो. जवळ असतील त्यातले निम्मे गाडीला, पाव भाग आतल्या घराला आणि उरलेला पाव भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला. तो शेवटचा पाव भाग हात न लावता ठेवायचा. जुनी गाडी कितीही पारखून घेतली तरी पहिल्या काही महिन्यांत टायर, बॅटरी, क्लच, ब्रेकचे लायनर यांपैकी काहीतरी मागतेच.

गाडी कोणती, हा प्रश्न लोक लांबी-रुंदीवरून सोडवतात. माझी पहिली कसोटी वेगळी आहे: तुम्ही जिथे जाणार आहात तिथल्या छोट्या गावातला फिटर ही गाडी उघडू शकेल का, आणि तालुक्याच्या ठिकाणी तिचा पार्ट दुसऱ्या दिवशी मिळेल का? या कसोटीवर भारतात काही मोजक्याच गाड्या पूर्ण उतरतात.

मारुतीची ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. मधल्या पस्तीस वर्षांत ती रुग्णवाहिका झाली, शाळेची व्हॅन झाली, भाजीवाल्याचं दुकान झाली. ७९६ सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की इंजिन समोर. तिला ओळखत नाही असा फिटर देशात सापडणं अवघड. मागची सीट काढली तर एका माणसाला पाय पसरून झोपता येतं. उंच माणसाला तिरपं झोपावं लागतं. पण चढाला ती दमते, पुढून धडक बसली तर चालकाच्या पायांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नसतं, आणि सीटखालच्या इंजिनाची उष्णता उन्हाळ्यात जाणवते. तिची धाकटी बहीण ईको २०१० सालची. ती जास्त ताकदीची आहे आणि आजही विकली जाते. एकट्याने किंवा दोघांनी फिरायचं, स्वयंपाक दार उघडून मागे करायचा आणि आत फक्त झोपायचं असेल, तर मी ईकोच सुचवेन.

ज्यांना आत उभं राहायचं आहे त्यांची गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर. तेव्हाची बजाज टेम्पो आणि २००५ नंतरची फोर्स मोटर्स ही पुण्याची कंपनी. तिने १९८७ साली मर्सिडीजच्या टी-१ या व्हॅनच्या आधारावर ही गाडी भारतात आणली. जुन्या ट्रॅव्हलरमधलं मर्सिडीज ओएम-६१६ घराण्याचं डिझेल इंजिन त्याआधीपासून मॅटाडोरमध्ये पळत होतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या फिटर त्यावर शिकले. गाडी वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये मिळते. ३३५० मिलिमीटरची ट्रॅव्हलर ही दोघातिघांच्या घरासाठी मध्यम, घाटातल्या वळणांना झेपणारी. ४०२० मिलिमीटरची प्रशस्त आहे, पण कोकणातल्या गल्लीत किंवा हिमाचलमधल्या गावात ती वळवायची म्हणजे एकाने खाली उतरून मागे उभं राहावं लागतं.

टाटाची विंगर २००७ सालची, रेनोच्या ट्रॅफिक व्हॅनवरून बेतलेली. पुढच्या चाकांना ताकद देणारी असल्याने तिच्या पोटाखालून लांब शाफ्ट जात नाही आणि फरशी जमिनीच्या जवळ राहते. चढणं-उतरणं सोपं. वयस्क जोडप्यांना ती सोयीची पडते. मात्र मागे सामानाचं वजन वाढलं की ओल्या चढावर पुढची चाकं घसरू लागतात, हे लक्षात ठेवून तिच्यात घर मांडावं लागतं.

डिझेल घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी: १ एप्रिल २०२०. त्या दिवसापासून देशभर बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो गरम होऊन स्वतःची काजळी जाळतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. गाडीत राहणारा माणूस नेमका हळू चालतो, थांबत जातो आणि घाटात रमतो. फिल्टर भरत जातो, दिवा लागतो आणि ती गाडी लॅपटॉप असलेल्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. काही बीएस-६ गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं द्रावणही लागतं. नवी गाडी हवा कमी खराब करते, हे तिच्या बाजूचं मोठं म्हणणं आहे आणि मला ते मान्य आहे. ती घेतलीत तर रोज निदान थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर पळवायचं पथ्य पाळा.

बघायला जाताना

ट्रॅव्हलर किंवा विंगर विकायला येते तेव्हा ती आधी काय काम करत होती, हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं. शाळेची बस रोज थोडंच चालते, पण दर दोनशे मीटरवर थांबते. तिची क्लच प्लेट, ब्रेक आणि दाराच्या बिजागऱ्या झिजलेल्या असतात, बाकी गाडी बऱ्याचदा सशक्त असते. रुग्णवाहिकेचे किलोमीटर कमी दिसतात, पण ती तासन्‌तास एसी चालू ठेवून जागच्या जागी उभी असते. इंजिन झिजत राहतं आणि आकडा हलत नाही. कंपनीच्या कामगारांना ने-आण करणारी गाडी मला सर्वांत विश्वासाची वाटते, कारण तिचा रस्ता ठरलेला असतो, चालक बहुधा एकच असतो आणि सर्व्हिसिंगची नोंद ठेवलेली असते. पर्यटनाची गाडी खूप धावलेली असते, पण महामार्गावर एका लयीत धावलेली तीन लाख किलोमीटरची गाडी अंगणात दोन वर्षं उभ्या असलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा बरी निघते. उभ्या गाडीची सीलं सुकतात, टाकीत गंज धरतो, टायर एका बाजूने चपटे होतात.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा. गार लागली पाहिजे. गरम केलेली गाडी निम्म्या खोडी लपवते. आधी रेडिएटरचं झाकण उघडा, तेही इंजिन पूर्ण थंड असतानाच. कूलंटवर तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीच्या रंगाचा लगदा चिकटलेला दिसला, तर पाणी आणि तेल कुठेतरी भेटतंय. हेड गॅस्केट गेलं असेल किंवा हेडला तडा असेल. अशी गाडी सोडून द्या.

मग चालू करा आणि मागे जाऊन उभे राहा. थंड सकाळी थोडा पांढरा धूर येतो आणि जातो. तो जात नसेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेलला जोर दिल्यावर काळा धूर निघाला तर एअर फिल्टर चोंदलाय, नाहीतर इंजेक्टरचं काम आहे, आणि हे बऱ्याचदा खर्चात बसणारं असतं. आता इंजिन हळू चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवा. झाकण जागेवर थरथरलं तर चालेल. ते उडायला लागलं आणि भसाभसा वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन खोलावं लागणार आहे. ही एक चाचणी इतकी बोलकी आहे की मालक झाकणाला हात लावू देत नसेल तर मी त्या गाडीचा नाद सोडायला सांगेन.

क्लचची परीक्षा सपाट जागी घ्या, समोर कोणी उभं नसताना. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे.

खरा वेळ मात्र गाडीच्या खाली घालवायचा. चटई, टॉर्च आणि एक स्क्रू ड्रायव्हर सोबत न्या. ओम्नी आणि विंगरसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. तिथे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो, म्हणून फरशीचा गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. चाकाच्या कमानींच्या आत, दाराखालच्या पट्टीत, पाटे जिथे अडकवलेले असतात त्या कड्यांजवळ स्क्रू ड्रायव्हरची मागची मूठ ठोकत जा. निरोगी पत्रा टणक वाजतो. आवाज भद्द आला तर टोकाने दाबून बघा. समुद्रकाठी वाढलेली गाडी, मग ती रत्नागिरीची असो की पणजीची, या बाबतीत दुप्पट तपासा, कारण खारी हवा पत्र्याच्या दुमडीत शिरून आतून खाते. गाडीचं पोट ताज्या काळ्या अंडरकोटने चकाकत असेल तर विचारा की हे कधी मारलं आणि का मारलं. वरच्या अंगाला मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी भरली आहे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट शोधावी लागते. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, जुलै २०२१ चं चिपळूण. अशा प्रत्येक महापुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून भंगाराच्या भावात सुटतात, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात आणि दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. बुडालेलं इंजिन दुरुस्त होतं. वायरिंग मात्र वर्षभर हिरवट गंज धरत राहतं आणि एक-एक दिवा, एक-एक सेन्सर जायला लागतो. ओळखायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरला जाणारा भाग धुतलेला असतो, पण रिळाच्या आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहून जाते. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या काचेच्या आत, स्टेपनीच्या खाचेत बारीक माती सापडते. गाडी बंद करून काचा चढवून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास लपवायला टांगलेला अत्तराचा डबा असेल तर तो आधी बाहेर काढून ठेवा.

मीटरवरचा आकडा खरा आहे का, हे बारीक गोष्टी सांगतात. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून दाखवलेल्या गाडीला तिसरा टायर-संच कसा, हे विचारता येतं. काचांच्या कोपऱ्यातही कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते. बाकी सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला काहीतरी आदळलेलं आहे. पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगची कड चकचकीत झाली असेल तर मीटरवरच्या छोट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

हे सगळं स्वतः केल्यावरही एका ओळखीच्या फिटरला हजेरी देऊन सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला फिटर नको.

कागदावरची गाडी

गाडीवर कोरलेला चेसिस नंबर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून छापून घ्या आणि आरसी बुकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. सरकारच्या परिवहन पोर्टलवर विमा, पासिंगची मुदत, थकलेले ई-चलन आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्याबाहेरची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागते. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन-घेऊन गाडी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरवायची पद्धत अजून आहे. ती विकणाऱ्यालाही महागात पडते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच.

पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर घ्यायची असेल तर परमिट सोडणं, कराचा फरक आणि आरटीओची मंजुरी अशा पायऱ्या आहेत. बसण्याच्या संख्येमुळे त्या अडू शकतात, म्हणून सौदा होण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन विचारा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. बारा वर्षांची गाडी घेताना तिसऱ्या वर्षी पासिंगला उभं राहायचं आहे, हे हिशेबात धरा. उत्तरेकडे जाणार असाल तर दिल्ली परिसराचा विचार वेगळा करावा लागतो. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतरही तिथले आदेश बदलत आले आहेत. निघण्याआधी त्या आठवड्याची स्थिती पाहून घ्यावी.

फेरफारांचा मुद्दा सर्वांत नाजूक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे मांडलं. छप्पर कापून उंच करणं, सीटांची संख्या बदलणं, बॉडी वाढवणं हे सगळं यात येतं. कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि त्यानुसार बांधून देणारे कारखाने आहेत. ते महाग पडतं, पण कायमचं मोठं घर करायचं असेल तर तोच सरळ रस्ता. छोट्या गाडीत मी उचलून बाहेर काढता येईल असंच सामान ठेवायला सांगतो: पेट्यांचा पलंग, घडीची शेगडी, पट्ट्याने बांधलेला जार. आणि विमा कंपनीला ही गाडी कशी वापरता ते लेखी कळवून ठेवा.

वजन, वायू, वीज

आतलं घर रचताना लोक इंच मोजतात. किलो मोजायचे राहून जातात. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट तीस-चाळीस किलोची भरते. अशा सहा शीट लागल्या की तीन माणसं कायमची आत बसवल्यासारखं होतं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. गाडीचं कमाल वजन आरसीत लिहिलेलं असतं. सगळं सामान, भरलेली टाकी आणि घरातली माणसं यांसह एकदा वजनकाट्यावर जा. साखर कारखान्याजवळ, खडी क्रशरजवळ काटा असतोच. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. पाणी आणि बॅटरी यांसारखं जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये यावं, टपावर नाही. टपावर दोन सोलर पॅनेल चढवली तर त्याच टपावर सायकली आणि ट्रंका चढवायचा मोह आवरा. वळणावर गाडी त्याची आठवण देते.

गॅसच्या बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खिडकीतून निघून जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद हवा. छोटा पाच किलोचा सिलिंडर पुरतो. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून महिन्यातून एकदा बुडबुडे बघा. थंडीत शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. बंद जागेत ज्वाळा कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठल्याही सोलर पॅनेलच्या आधी विकत घ्या.

विजेचा हिशेब एकदा कागदावर मांडला की अर्धे वाद मिटतात. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४०० ते ५०० वॉट-तास घेतो. पंखा, दिवे, फोन, लॅपटॉप मिळून आणखी तेवढंच. १०० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १२०० वॉट-तास असतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेत राहिलात तर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येणारी. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. दोनशे वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला आठशेच्या आसपास देतं. कोकणातल्या आषाढात ते जेमतेम फोन चार्ज करेल. म्हणून इंजिन चालू असताना घराची बॅटरी भरणारा चार्जर हवाच.

गाडीतल्या आगींच्या बाबतीत मोठी भीती मला पातळ वायरीची वाटते. बारा व्होल्टवर हजार वॉटचा इन्व्हर्टर चालवायचा म्हणजे शंभरच्या आसपास ॲम्पिअर वाहतात. तिथे घरच्या बोर्डातली वायर जोडली तर ती तापून वितळते. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज बसवा. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कुणीच वाचवत नसतं, तो जितका आखूड तितका बरा. वायर जिथे पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. खडखडणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची कड वायरीचं आवरण कापते.

टॉमीचा आवाज

मालट्रक ढाब्यावर थांबला की क्लीनर खाली उतरतो आणि हातातल्या टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकत गाडीला फेरी मारतो. भरलेला टायर टणकन आवाज देऊन टॉमी उसळवतो, हवा कमी असलेला मंद वाजतो. जोडचाकांत आतला टायर डोळ्यांना नीट दिसत नाही, तो कानाने कळतो. मग तो हबवर हात ठेवतो. चटका बसला तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जातंय. गाडीच्या खाली वाकून बघतो, काही टपकतंय का. दहा मिनिटांचं हे काम गाडीत राहणाऱ्या प्रत्येकाने रोज सकाळी करावं अशी माझी कळकळ आहे. आणखी दोन गोष्टी त्यात घाला: डिपस्टिक पुसून ऑइल बघणं, आणि कूलंटची पातळी. रात्री गाडी उभी होती तिथली जमीन निघताना बघा. काळा थेंब इंजिन ऑइलचा, रंगीत गोडसर वासाचा कूलंटचा, चाकाच्या आतल्या बाजूला निसरडा थेंब ब्रेक ऑइलचा. ब्रेक ऑइलचा थेंब दिसला तर गाडी हलवू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताजं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं. त्यात पाणी मुरलं की तोच बिंदू १५५ पर्यंत खाली येतो. आंबोली किंवा वरंधासारख्या घाटात भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर चाकांजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामं खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरला खाच भरपूर आहे म्हणून तो चांगला, असं समजू नका. गाडीघराचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला बारीक भेगा आल्या, किंवा शिक्क्यावरून सहा वर्षं झाली, की बदला. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साचतं. खालचा स्क्रू सैल करून निव्वळ डिझेल येईपर्यंत ते सोडून द्या, विशेषतः पावसाळ्यात आणि आडगावच्या पंपावर भरल्यावर. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालत राहिलात तर आत क्षार आणि गंज साचतो. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी ठेवा.

लडाखची तयारी वेगळी करावी लागते. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, त्यामुळे खिंडीत पहिल्या गिअरमध्ये चढताना घाबरायचं कारण नसतं. हिवाळ्यात साधं डिझेल गोठून मेणासारखं होतं. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. टाकीत खालच्या मुलखातलं डिझेल घेऊन तिथे रात्र काढली तर सकाळी गाडी चालू होत नाही. सिलिंडरचीही तीच अडचण. त्यातलं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजत नाही, म्हणून प्रेशर कुकर नेल्याशिवाय वर जाऊ नका.

सुट्या भागांची पेटी छोटी ठेवा: फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज आणि क्लिपा, फ्यूज, दोन लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची बाटली, एम-सील, पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, ओढायचा दोर, चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे. तुमच्याच गाडीचा बेल्ट आणि होज घ्या, आणि एकदा घरी बसवून बघा. केलेलं प्रत्येक काम वहीत किलोमीटरसह लिहा. परक्या गावातला फिटर पहिला प्रश्न हाच विचारतो की हे आधी कधी उघडलं होतं.

पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी ठेवायची वेळ आली तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. टायरची हवा थोडी जास्त, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, हँडब्रेक सोडलेला आणि चाकांना ठोकळे. गाद्या उभ्या करा, कपाटांची दारं उघडी ठेवा, नाहीतर प्लायवूडला बुरशी धरते. आणि तांदळाचा, डाळीचा एक दाणाही आत ठेवू नका. उंदीर अन्नासाठी येतात आणि वायरी कुरतडतात. परत निघण्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा आणि वायरींचा जुडगा नीट पाहिल्याशिवाय चावी फिरवू नका.